सिन्नर तालुका: पणजोबांच्या मागे वंशावळ कशी न्यायची?

देवनदी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घराण्याची वंशावळ लिहायला घेतली आहे आणि पणजोबांपाशी अडकलो आहे. गाव सिन्नर तालुक्यात. आमचं आडनाव लावणारी पंधरा-सोळा घरं आज गावात आहेत, पण कोण कोणाचा नेमका कोण लागतो हे कुणालाच सांगता येत नाही. "सगळी भाऊकीच" एवढंच उत्तर मिळतं. कोणाचं सुतक कोणाला लागतं यावरून थोडा अंदाज येतो, पण कागद नाही.

हाताशी तीन गोष्टी आहेत. चालू सातबारा, गट नंबरचा. आजोबांचा लोकल बोर्डाच्या मराठी शाळेतला दाखला, त्यावर जन्मतारीख १ जून १९१९. आणि १९५१ चा एक फेरफार, "गोविंदा रामजी मयत" म्हणून वारस लावल्याचा. पण १९४०च्या दशकातल्या सातबाऱ्यावर हेच पणजोबा "गोविंदा राघू" आहेत. बाप रामजी की राघू? की हे गोविंदाच दोन वेगळे? दोन्ही कागदांवर आडनाव नाही. जुनी माणसं म्हणायची की आपण मूळचे दिंडोरीकडचे.

गटावरून जुन्या सर्व्हे नंबरावर कसं जायचं, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कुठे मागायच्या, रामकुंडावरच्या उपाध्यांकडच्या नामावळीचा उपयोग होतो का आणि मोडीचं काय करायचं, एवढं कळलं तर फार मदत होईल.

बांधावरून

आडनाव सध्या बाजूला ठेवा आणि जमीन धरून मागे जा. जुन्या महसुली कागदात कुणब्याचं आडनाव क्वचितच लिहिलेलं असतं. "अमुक बिन तमुक" एवढंच असतं, आणि गावात एका वेळी चार गोविंदा असू शकतात. सर्व्हे नंबर मात्र जागचा हलत नाही.

पहिलं काम, गटाचा सर्व्हे नंबर काढणं. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरण योजनेचे ९(३) आणि ९(४) चे उतारे मिळतात. त्यात जुना सर्व्हे नंबर, हिस्सा, तेव्हाचा खातेदार आणि नवा गट हे सगळं जुळवलेलं असतं. इथेच एक मोठी चूक होते. एकत्रीकरणात तुकड्यांची अदलाबदल झाली. आज तुमच्या ताब्यात असलेला गट पूर्वी दुसऱ्याच घराण्याच्या सर्व्हे नंबरातला असू शकतो. आजच्या गटाच्या मागे सरळ गेलात तर शेजाऱ्याची वंशावळ लिहून बसाल. म्हणून ९(३)-९(४) मध्ये आजोबांच्या नावापुढे योजनेच्या आधी कोणते सर्व्हे नंबर होते ते पाहा आणि तेच पुढे धरा.

दुसरं काम फेरफारांची साखळी. जुन्या सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या नावाजवळ वर्तुळात आकडे असतात. ते फेरफाराचे नंबर. नावाला कंस केलेला असेल तर ते नाव कमी झालेलं आहे, आणि कोणत्या नोंदीने कमी झालं ते त्याच वर्तुळात सापडतं. प्रत्येक आकड्याचा फेरफार (गाव नमुना ६) काढा. त्या फेरफारात त्याआधीचा धागा मिळतो. वारसाच्या नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे हेही लक्षात ठेवा. माणूस गेल्यावर पाच-दहा वर्षांनीसुद्धा वर्दी दिलेली असते. वारस नोंदवही (६क) वेगळी असते, तीही मागा. जुन्या नोंदीत मुलींची नावं बहुधा नसतात, त्यामुळे "वारस दोन मुलगे" म्हणजे अपत्यं दोनच, असं धरू नका.

तीन खुणा ओळखायला शिका. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या नावामागे भाऊ दडलेले असतात, ते पुढे वाटणीच्या फेरफारात एकदम उगवतात. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, खातेदार अज्ञान (वयाने लहान) आहे आणि पुढचं नाव सांभाळणाऱ्याचं आहे. "कोम" म्हणजे अमक्याची बायको, बहुतेक वेळा विधवा.

मग कडई पत्रक. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, त्या सुरुवातीच्या काळातलं हे दप्तर. साधारण १९१० ते १९३० मधलं मिळतं. कोणत्या नंबरात कोणाचा कशा प्रकारचा हक्क, हे त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या पणजोबांचा उलगडा व्हायचा असेल तर मला वाटतं तो इथेच होईल.

तहसीलला जाण्याआधी "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या. नाशिक जिल्ह्याचे स्कॅन केलेले कागद तिथे आहेत. तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि सर्व्हे किंवा गट नंबर टाकून शोधायचं. हिश्श्यासकट नंबर टाकून काही आलं नाही तर नुसता सर्व्हे नंबर टाका. स्कॅन करताना पानं चुकीच्या नंबराखाली गेलेली असतात, तेव्हा मागचा-पुढचा नंबरही उघडून बघा.

दप्तरी

जन्म-मृत्यूचं सांगतो. १९६९ च्या कायद्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीकडे. त्याआधीचं ते "कोतवाल बुक", म्हणजे गाव नमुना १४. ते तहसीलदार कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतं. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) विचारून बघा, पण जुनं दप्तर बहुतेक तालुक्याला जमा झालेलं असतं.

अर्जात "आमच्या घराण्याच्या सर्व नोंदी" असं लिहिलंत तर अर्ज परत येईल. गावाचं नाव, नमुना नंबर, जन्म की मृत्यू, आणि पासून-पर्यंत साल. एका अर्जात पाच-सात वर्षांचा टप्पा ठेवा, म्हणजे अभिलेखपालाला रजिस्टर काढून देणं शक्य होतं. कोर्ट फी स्टॅम्प लावा. गावाचं जुनं नाव किंवा मुख्य गावाची वाडी असेल तर दोन्ही नावं लिहा. रजिस्टर जीर्ण आहे म्हणून नक्कल मिळत नाही असं सांगितलं, तर तसं लेखी मागून घ्या. तो कागद पुढे उपयोगी पडतो. नुसती नक्कल मागण्यापेक्षा आधी पाहणीची परवानगी मागणं चांगलं, कारण नक्कल काढणारा फक्त तुमच्या नावाची ओळ उतरवतो आणि शेजारची चुलत्याची ओळ तशीच राहते.

कोतवाल बुकात जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव सहसा नसतं. बारशाच्या आधीच वर्दी गेलेली असते. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढंच. त्यामुळे बापाच्या नावाने शोधायचं. मृत्यूच्या नोंदीत नाव, वय आणि कारण असतं. वय अंदाजे असतं, ३०, ४०, ५० असे गोल आकडे दिसतात. कारणाच्या रकान्यात "ताप" फार, त्यामुळे त्यावरून निदान करू नका. पण पटकी, देवी, प्लेग असं स्पष्ट लिहिलेलं असेल आणि एकाच आठवड्यात एकाच घरातल्या तीन ओळी असतील, तर घराची एक शाखा का तुटली ते कळतं. १९१८ च्या साथीच्या महिन्यांची पानं जरूर बघा.

आजोबांची १ जून ही तारीख मास्तरांनी लावलेली आहे असं धरून चाला. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की १ जून पडायची. साल एक-दोन वर्षं इकडे-तिकडे धरा. शाळेचं जनरल रजिस्टर पाहा, दाखल-खारीज नोंद म्हणतात ती. दाखल्यापेक्षा त्यात जास्त मिळतं: आधीची शाळा, पालकाचं नाव, आणि चुलत भावंडं एकाच वर्षी दाखल झालेली असली तर लागोपाठच्या ओळी.

आणखी एक. पहिलं बाळंतपण माहेरी. आजोबा थोरले असतील तर त्यांच्या जन्माची नोंद तुमच्या गावात सापडणार नाही, पणजीच्या माहेरच्या गावात सापडेल. तो तालुका वेगळा असला तर अभिलेख कक्षही वेगळा.

बोरू

मोडीबद्दल. आजोबांच्या जन्मापर्यंत मागे जायला मोडी लागेलच असं नाही, काही गावांत बाळबोध (देवनागरी) लिहिणारा कारकून होता. त्याआधीचं मात्र मोडीच. महिनाभर रोज तासभर दिलात तर महसुली मोडी वाचता येते, कारण मजकूर ठरलेला असतो. पत्रं वाचणं त्याहून कितीतरी कठीण. आधी आपल्या गावातलीच माहीत असलेली नावं आणि आकडे त्या कारकुनाच्या हातात कसे दिसतात ते कागदावर गिरवा. एका कारकुनाचा हात बसला की वीस वर्षांचं दप्तर उघडतं. तो बदलला की पुन्हा दोन दिवस अडखळायला होतं.

मोडीत शिरोरेषा आधी ओढून तिच्याखाली सलग लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. त्यामुळे "बिन" कुठे आहे ते आधी शोधा. तो सापडला की त्याच्या डावीकडे मुलगा आणि उजवीकडे बाप, असं नाव तुटतं.

आकार, म्हणजे शेतसारा, रुपये-आणे-पैत असतो. १६ आण्यांचा रुपया, १२ पैचा आणा. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, दोन आणि एक अशा तीन म्हणजे पाऊण. क्षेत्र एकर-गुंठ्यांत, ४० गुंठ्यांचा एकर.

सनांची गल्लत सगळ्यांत जास्त होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (चैत्राच्या आधीचे महिने असतील तर ७९). आपल्याकडच्या फसलीत (महसुली सनात) ५९० मिळवायचे, वर्ष मृगाला म्हणजे जूनमध्ये बदलतं. फसली १३०० म्हणजे १८९०-९१. पेशवाईतल्या कागदावर अरबी शब्दांतला सन दिसेल, त्यात ५९९ मिळवा. "अर्बा मयातैन व अलफ" म्हणजे चार, दोनशे, हजार, १२०४, म्हणजे १८०३-०४. नुसता आकडा असेल आणि सन कोणता ते लिहिलेलं नसेल, तर शकाचा आणि फसलीचा असे दोन्ही हिशोब करून बघा. एक उत्तर साफ चुकीच्या शतकात पडतं.

नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्याआधी सिन्नर, दिंडोरी, निफाड, चांदवड हे सगळं नगर जिल्ह्यात, आणि मालेगाव, नांदगाव, बागलाण खानदेशात. त्याआधीचा कागद शोधताना "नाशिक" शोधलं तर हाती काही लागणार नाही. सुरगाणा १९४८ पर्यंत संस्थान होतं, तिथलं दप्तर निराळं.

पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला पेशवे दफ्तर म्हणतात, लगेच धाव घेऊ नका. साध्या शेतकऱ्याचं नाव तिथे थळझाड्यात (गावच्या जमिनींच्या जुन्या यादीत) किंवा लावणीच्या कागदात आलं तर येतं, पण त्यासाठी गाव आणि परगणा नक्की माहीत हवा. घराण्यात पाटीलकी, चौगुलकी, कुलकर्ण किंवा कुठलंही वतन असेल तर गोष्ट वेगळी. वतनाच्या वादात दोन्ही बाजू पाच-सहा पिढ्यांची वंशावळ मांडायच्या, आणि इनाम कमिशनच्या व पुढे १८७४ च्या वतन कायद्याच्या कागदांत ती जपली गेली. असे कागद वाचताना हे मात्र लक्षात ठेवा की प्रत्येक बाजूने आपल्या सोयीची शाखा वर नेलेली असते.

गंगाघाट

नामावळीचा उपयोग होतो, आणि चांगला होतो. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. रामकुंडावर पुरोहित संघाकडे गाव, तालुका, जात आणि आडनाव सांगा. त्या गावाचे उपाध्ये कोण ते कळेल. चोपड्या गावावारी आणि आडनाववारी लावलेल्या असतात. आजोबा, पणजोबा आणि त्यांचे भाऊ यांची नावं कागदावर लिहून न्या. एक नाव जुळलं की उपाध्ये पुढची-मागची पानं उघडतात.

नोंदीत आलेल्या माणसाचं नाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे, बऱ्याचदा आई, बायको आणि मामाचं कूळसुद्धा असतं. खाली सही किंवा अंगठा. हीच या दप्तराची ताकद. सातबाऱ्यावर न आलेला, जमीन न मिळालेला, गाव सोडून गेलेला भाऊही इथे सापडतो. उणीव अशी की जो आला त्यानेच सांगितलं. तोंडी सांगितलेलं असल्यामुळे पणजोबाच्या पुढची नावं कधी उलटसुलट होतात. दोन वेगळ्या भावांच्या भेटींच्या नोंदी जुळल्या तर भरवसा ठेवा.

त्र्यंबकेश्वरच्या चोपड्या वेगळ्या आणि नाशिकच्या वेगळ्या. अस्थी, दशक्रिया यांसाठी लोक रामकुंडावर येतात. नारायण नागबळी, त्रिपिंडी यांसाठी त्र्यंबकला. दोन्हीकडे बघा. पितृपक्षात आणि सिंहस्थात जाऊ नका, कोणालाच चोपडी काढायला उसंत नसते. साध्या दिवशी दुपारनंतर जा. फोटो विचारून काढा, दक्षिणा मनापासून द्या, आणि आपली आजची नोंद लिहून या. तीही कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

देवघरातले टाकही बघा. आपल्याकडे धुळवडीला वीर (पूर्वजाचा टाक) मिरवतात, गंगेवर म्हणजे गोदावरीवर नेऊन आंघोळ घालतात. ज्या घराण्यात वीर आहे तिथे तो कोणाचा, हे म्हाताऱ्या बायकांना माहीत असतं, आणि एकच वीर मिरवणारी घरं म्हणजे एका खोडाची शाखा. तुमच्या पंधरा-सोळा घरांत थोरल्या घरी वीर कोणाकडे आहे, एवढं विचारलंत तरी अर्धी मांडणी सुटेल.

भाटांच्या वहीबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगते. खालच्या पाच-सहा पिढ्या उतरवून घ्या, त्या कामाच्या असतात. वर राजघराण्याला जोडलेला भाग ठरीव असतो, तो वंशावळीत घालू नका.

देवनदी

सगळ्यांचे मनापासून आभार. ९(३) च्या उताऱ्यावरून सर्व्हे नंबर १३१ निघाला आणि संकेतस्थळावर त्याचं कडई पत्रक मिळालं. साल १९१२. पान अर्धं बाळबोध, अर्धं मोडी. नंबराचा पूर्ण आकार ५ रुपये ४ आणे. खाली तीन नावं आहेत, तिघांपुढे १ रुपया १२ आणे:

राघू बिन महादू
गोविंदा अ.पा.क. राघू
भागी कोम तुळशीराम

म्हणजे गोविंदा राघूचाच मुलगा ना?

बांधावरून

नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच पानावर आहे.

५ रुपये ४ आणे म्हणजे ८४ आणे. तीन सारखे भाग केले की २८ आणे, म्हणजे १ रुपया १२ आणे. वाटणी बरोबर तिघांत झाली आहे. राघूचा स्वतःचा वेगळा हिस्सा आहे. गोविंदा राघूचा मुलगा असता, तर बाप हयात असताना त्याला बापाइतकाच तिसरा हिस्सा वेगळा लागायचं कारण नव्हतं. गोविंदा तिसऱ्या भावाच्या जागी उभा आहे. तो अज्ञान आहे आणि चुलता राघू त्याचा पालनकर्ता आहे. भागी ही तुळशीराम नावाच्या भावाची विधवा, तिने नवऱ्याचा हिस्सा धरला आहे. तेव्हा महादूचे तीन मुलगे: राघू, तुळशीराम आणि गोविंदाचा बाप. १९५१ च्या वर्दीत घरच्यांनी बापाचं नाव रामजी सांगितलं, ते इथे नेमकं बसतं.

"गोविंदा राघू" कसं झालं तेही सरळ आहे. सातबारे काही वर्षांनी नव्या पानावर उतरवतात. उतरवताना "अ.पा.क." गळलं आणि पालनकर्ता बापाच्या जागी जाऊन बसला. ही चूक इतकी नेहमीची आहे की जुन्या सातबाऱ्यावर बापाचं नाव बदललेलं दिसलं, की आधी मागच्या पानावर अ.पा.क. शोधायचं.

अजून दोन कागद काढा. भूमी अभिलेखमधून १३१ चं आकारफोड पत्रक, म्हणजे तीन हिस्से प्रत्यक्ष मोजून पडले होते का ते कळेल. आणि भागीच्या हिश्श्याचा पुढचा फेरफार. ती निपुत्रिक वारली असेल तर तिचा हिस्सा राघू आणि गोविंदात आला असेल, आणि त्या नोंदीत नातं शब्दांत लिहिलेलं असेल: "मयताचा दीर", "पुतण्या". दत्तक घेतला असेल तर तेही तिथेच दिसेल, आणि मग तुमच्या पंधरा-सोळा घरांतली काही घरं त्या दत्तकाची निघतील. दत्तकपत्र नोंदवलेलं असल्यास दुय्यम निबंधकाकडे मिळेल. तिथे नावाची आणि मिळकतीची सूची वेगवेगळी असते. दत्तकासाठी नावाची बघा.

बोरू

महादूचं नाव मिळालं हे फार छान झालं. दिंडोरीकडून आल्याची आठवण तपासायची तर आता महादूवर लक्ष द्या. १८४० च्या दशकात या भागाची पहिली मोजणी झाली. तुमच्या गावच्या त्या पहिल्या मोजणीच्या कागदात महादूचा बाप किंवा आजा खातेदार असेल, तर घराणं तेव्हाच गावात होतं. नसेल, तर महादू किंवा त्याचा बाप मागाहून आला असण्याची शक्यता आहे. पेशवाईतल्या कागदात "उपरी" असं लिहिलेलं दिसलं तर तो बाहेरून येऊन कसणारा, "मिरासी" असेल तर गावचा जुना. मूळ गाव कोणतं हे ठरवायला त्यापेक्षा नामावळी बरी. तिथे "मूळ राहणार" असं काही वेळा लिहिलेलं मिळतं. रामकुंडावर जाताना रामजी, राघू आणि तुळशीराम ही तिन्ही नावं न्या.

दप्तरी

कोतवाल बुकाचा टप्पाही आता ठरला. गोविंदा १९१२ ला अज्ञान, आणि मुलाचा जन्म १९१९ च्या आसपास. म्हणजे त्याचा जन्म साधारण १८९५ ते १९०० मधला. एक अर्ज जन्माचा, १८९४ ते १९००. दुसरा मृत्यूचा, १८९५ ते १९१२, तो तीन टप्प्यांत करा. मृत्यूच्या अर्जात रामजी आणि तुळशीराम दोघांची नावं लिहा, दोघं १९१२ च्या आधीच गेलेले आहेत. जन्माच्या अर्जात "गोविंदा" लिहू नका, ते नाव रजिस्टरात नसणार. "बापाचे नाव रामजी महादू, मुलगा" एवढंच लिहा.